काळजी करणे, काळजी घेणे

चौथीतली एक मुलगी रोज दुपारी दोनच्या सुमारास पोट दुखतं म्हणून वर्गाबाहेर येऊन बसायची. जुलै महिना होता. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, जंतांचं औषध झालं, ओवा झाला, हिंगाचा लेप झाला. दुखणं काही थांबेना. शनिवार-रविवारी मात्र पोट अगदी ठीक. मी शाळेची समुपदेशक, म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं. पहिली पंधरा मिनिटं ती काहीच बोलली नाही, खिडकीच्या गजांवरून ओघळणारे थेंब बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "टीचर, रुळांवर पाणी आलं की लोकल कुठे थांबते?"

तिची आई मुंबईतल्या एका रुग्णालयात परिचारिका होती. बदलापूरहून पहाटेच्या गाडीने जायची. आईची पाळी दोनला सुटते हे मुलीला ठाऊक होतं. तिथून आई घरात शिरेपर्यंतचे दोन-अडीच तास ती रोज पोटात घेऊन बसत होती.

मी तिला कागद दिला आणि त्यावर तळहात ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवायला सांगितलं. हाताच्या आत तुझ्या हातातल्या गोष्टी लिही, बाहेर हाताबाहेरच्या. बाहेरची जागा झटक्यात भरली: पाऊस, लोकल, मोटरमन, रुळांवरचं पाणी, आई कधी येणार. आतली जागा बराच वेळ कोरी राहिली. मग करंगळीत तिने लिहिलं, 'छत्री'. आई छत्री विसरते, ती रात्रीच पर्समध्ये ठेवता येईल. अंगठ्यात आलं, 'काकूंचा नंबर पाठ'. मधल्या बोटात, 'आई गाडीत बसली की काकूंना मेसेज करणार, मी घरी गेल्यावर विचारणार'. तेवढं लिहून तिने पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आणि बाहेरच्यांचं काय करायचं?"

या पुस्तकाचा सगळा विषय त्या प्रश्नात आहे. मुलाचं लक्ष त्याच्या हातात जे आहे त्याकडे वळवावं, हे आता पुष्कळ पालकांनी ऐकलेलं असतं. स्टीफन कवी यांच्या १९८९ सालच्या पुस्तकापासून 'प्रभावाचं वर्तुळ' घरोघर पोचलं आणि शाळांच्या भिंतींवर तसे तक्तेही लागले. पण वर्तुळाबाहेर जे उरतं त्याचं काय, हे विचारणारी मुलं मला पुढे खूप भेटली. त्यांना नीट उत्तर देणारी मोठी माणसं त्या मानाने फार थोडी.

आपल्या भाषेत 'काळजी' हा एक शब्द दोन कामं करतो. 'काळजी करू नकोस' आणि 'काळजी घे' ही दोन्ही वाक्यं आपण दारात उभ्या असलेल्या मुलाला एकाच दमात सांगतो. जी करायची ती काळजी माणसाला जागच्या जागी गरगर फिरवते. जी घ्यायची ती हातापायांना कामाला लावते. पावसाची काळजी करता येते, छत्रीची घेता येते. मुलांबरोबर इतकी वर्षं काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की या विषयातलं निम्मं शहाणपण या दोन क्रियापदांच्या फरकात आहे, आणि तो फरक कळायला मराठी मुलाला मानसशास्त्रातला एकही नवा शब्द शिकावा लागत नाही.

भीती आणि काळजी यांतही अंतर आहे. भीती समोरच्या गोष्टीची असते, अंगावर भुंकणाऱ्या कुत्र्याची. काळजी अजून न आलेल्या गोष्टीची असते, म्हणून काळजी करायला उद्याचं चित्र डोळ्यांपुढे उभं करता यावं लागतं. तान्हं मूल आई नजरेआड झाली की रडतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला अंधाराची, बागुलबुवाची भीती वाटते. सात-आठ वर्षांचं झालं की मनाला काळ पुढे ताणता येऊ लागतो आणि 'तर' सुरू होतो: आजी गेली तर, बाबांची नोकरी सुटली तर, घरात पाणी शिरलं तर. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याच 'तर'मध्ये वर्गातलं हसं आणि मार्क येऊन बसतात. ज्या कल्पनाशक्तीने मूल गोष्टी रचतं, तीच हे सगळं रचत असते. म्हणून काळजी करणारं मूल कुठेतरी बिघडलेलं आहे असं समजणं चूक. झोप, शाळा, जेवण, खेळ यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम होऊ लागला, की मग मात्र मदत लागते. अशा वेळीही मूल 'मला काळजी वाटते' असं म्हणत नाही. ते म्हणतं पोट दुखतं. सारखं शूला जातं. एकच प्रश्न वीस वेळा विचारतं. चिडतं, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करावं हा विचार जुना आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकात होऊन गेलेला एपिक्टेटस जन्माने गुलाम होता, पायाने अधू होता. त्याच्या शिष्याने त्याच्या शिकवणीची जी छोटी पुस्तिका तयार केली, तिची सुरुवातच या विभागणीने होते. आपली मतं, इच्छा, प्रयत्न आपल्या स्वाधीन. शरीर, मालमत्ता, नावलौकिक, अधिकार आपल्या स्वाधीन नाहीत. ज्याच्या मालकीचं स्वतःचं शरीरही नव्हतं त्या माणसाने ही यादी केली, हे विसरू नये. आपल्याकडे गीतेने कर्म आणि फळ वेगळे केले, आणि समर्थांनी २०५ श्लोक थेट मनालाच उद्देशून लिहिले. कित्येक मराठी घरांत तिन्हीसांजेला मुलं ते श्लोक म्हणत मोठी झाली. मनाशी बोलता येतं, त्याला समजावता येतं, ही कल्पना आपल्या मुलांच्या कानावर फार लवकर पडते. पण हे सगळं तत्त्वज्ञान प्रौढांसाठी, प्रौढांनी रचलेलं आहे. आठ वर्षांच्या मुलाला फळाची आशा सोडायला सांगितली तर ते ऐकून घेतं आणि रात्री पुन्हा जागं राहतं. त्याला तिथपर्यंत नेणारी वाट बांधायचं काम विसाव्या शतकात सुरू झालं.

त्या कामाच्या सुरुवातीला तीन लहान मुलं उभी आहेत. पहिला हान्स. व्हिएन्नातल्या या पाच वर्षांच्या मुलाला घोड्यांची भीती वाटायची, आणि फ्रॉइडने १९०९ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. उपचार बहुतांशी वडिलांमार्फत झाले. भीतीचं मूळ मनाच्या तळाशी शोधायचं, ही ती दिशा. दुसरा अल्बर्ट. अमेरिकेत १९२० मध्ये वॉटसन आणि रोझली रेनर यांनी वर्षाच्या आतल्या या बाळाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून दचकवलं आणि उंदराची भीती तयार करून दाखवली. ती भीती त्यांनी काढून मात्र टाकली नाही. आज कुठलीही नीतिसमिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही. पण भीती शिकवता येते, हे त्यातून दिसलं.

तिसऱ्या मुलाकडे मला वाचकांचं लक्ष जास्त वेधायचं आहे. मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने १९२४ मध्ये पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची हकीकत लिहिली. पीटरला सशाची भीती वाटायची. जोन्सबाईंनी त्याला समजावलं नाही, रागावल्या नाहीत, ससा किती गरीब असतो ते सांगितलं नाही. तो खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. त्याला सोसेल तसा, दिवसादिवसाने थोडा थोडा जवळ आणला. सशाला न भिणारी दुसरी मुलंही तिथे खेळत असायची. शेवटी पीटर एका हाताने सशाला कुरवाळू लागला. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पी यांनी याच वाटेवर एक पूर्ण उपचारपद्धती उभी केली, पण तिचं बीज त्या खाऊच्या ताटलीशी आहे. ससा कुठे ठेवायचा हे ठरत होतं ते पीटरला किती झेपतं त्यावर. अंतराचा दोर पीटरच्या हातात होता.

इथे 'श्यामची आई' आठवल्याशिवाय राहत नाही. पोहायला जायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिमटीने झोडपून विहिरीकडे पाठवते. मुलाला भीतीपासून पळू द्यायचं नाही हे त्या माउलीचं म्हणणं शास्त्राच्या कसोटीवर आजही खरं उतरतं, कारण टाळलेली भीती दर वेळी थोडी मोठी होऊन परत येते. पण शिमटीचं समर्थन मी करणार नाही. श्याम पोहायला शिकला तो नंतर मायेने जवळ घेणारी आई होती म्हणूनही, असं मला वाटतं. ज्या घरांनी नुसती शिमटी उचलली, तिथली मुलं विहिरीलाही भ्यायली आणि आईलाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर लक्ष वर्तनाकडून विचारांकडे गेलं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेला विवेकनिष्ठ मानसोपचार एपिक्टेटसचं ऋण उघडपणे मान्य करतो: त्रास घटनेने होतो त्याहून जास्त, त्या घटनेविषयी आपण स्वतःशी जे बोलतो त्याने होतो. १९६० च्या दशकात आरन बेक यांनी असाच विचार स्वतंत्रपणे विकसित केला. महाराष्ट्रात ही परंपरा जितकी रुजली तितकी भारतात इतरत्र क्वचित रुजली असेल. किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला, ही पद्धती इथे आणली, शिकवली. ठाण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या 'आयपीएच' या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती व्याख्यानांतून, पुस्तकांतून, नाटकांतून साध्या मराठीत लोकांपर्यंत नेली. परीक्षेत नापास होणं वाईट, पण 'नापास झालो तर मी संपलो' हे वाक्य आपण त्याला जोडलेलं आहे, हे दहावीच्या मुलांना मराठीत सांगता येतं, कारण ते सांगायची भाषा आधीच्यांनी घडवून ठेवली आहे.

'हातात असणं' म्हणजे नक्की काय, यावरचं संशोधन मला या सगळ्या क्षेत्रात सर्वांत मोलाचं वाटतं. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये दाखवलं की काही माणसांना आयुष्याची सूत्रं स्वतःकडे आहेत असं वाटतं, काहींना ती नशिबाकडे किंवा दुसऱ्यांकडे वाटतात, आणि हे मोजता येतं. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या कुत्र्यांना विजेचा झटका काही केल्या थांबवता येत नव्हता, ते पुढे सुटकेची वाट समोर असतानाही पडून राहत. त्यावरून 'हतबलता शिकली जाते' असा सिद्धांत झाला आणि तो जगभरच्या क्रमिक पुस्तकांत गेला. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या पुराव्यानिशी लिहिलं की त्यांनी गोष्ट उलटी लावली होती. दीर्घ त्रासापुढे निपचित पडणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते 'मी काही करू शकतो' हे. आपल्या कृतीने काहीतरी बदललं असा अनुभव आला की मेंदूचा पुढचा भाग ती मूळ प्रतिक्रिया आवरायला शिकतो.

पालकांसाठी याचा अर्थ मोठा आहे. 'तुझ्या हातात आहे' हे सांगून मूल शिकत नाही. खरोखर काहीतरी त्याच्या हातात द्यावं लागतं, आणि त्याने केलेल्या गोष्टीचा परिणाम त्याला दिसू द्यावा लागतो. ब्रूस चॉर्पिटा आणि डेव्हिड बार्लो यांनी १९९८ मध्ये बालपणीच्या चिंतेवरचं संशोधन एकत्र करून हेच मांडलं: ज्या मुलांना लहानपणी आपल्या जगावर काहीच चालवता येत नाही, त्यांच्यात पुढे चिंता रुजायला जागा होते. बूट कोणते घालायचे, डब्यात काय हवं, दप्तर कसं भरायचं, सायकलची चेन कशी बसवायची, या फुटकळ वाटणाऱ्या गोष्टी म्हणून फुटकळ नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत मुलांच्या हाती खरी कामं दिली ती शिक्षण म्हणून. आज त्याकडे पाहताना मला त्यात मनाचं आरोग्यही दिसतं. आणि आपल्या चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांत दहा वर्षांच्या मुलाच्या बुटांची नाडी अजून आजी बांधते, तेव्हा मला काळजी वाटते.

१९८२ सालचा आणखी एक विचार त्या चौथीतल्या मुलीच्या प्रश्नाला भिडतो. रॉथबॉम, वाइझ आणि स्नायडर यांनी नियंत्रणाचे दोन प्रकार सांगितले. एकात माणूस जग बदलतो, दुसऱ्यात जग बदलत नसेल तर स्वतःला त्याच्याशी जुळवून घेतो. दुसरा प्रकार म्हणजे शरणागती असं त्यांना वाटत नव्हतं. तेही एक नियंत्रणच. पाऊस थांबवता येत नाही. पण पावसाच्या त्या दोन तासांत श्वास सावकाश घेता येतो, चित्र काढता येतं, 'आत्ता पोटात गोळा आलाय, तो येतो आणि जातो' असं स्वतःला म्हणता येतं. टॉम बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये काळजीसाठी दिवसातली एक वेळ ठरवून देण्याची पद्धत तपासली. इतर वेळी काळजी आली तर तिला 'सहा वाजता ये' म्हणायचं. मुलांना ही युक्ती मोठ्यांपेक्षा पटकन जमते, कारण काळजीशी असं बोलणं त्यांना खेळासारखं वाटतं.

हे सगळे धागे मुलांसाठी एकत्र विणले ते फिलाडेल्फियातल्या फिलिप केंडल यांनी. १९९४ मध्ये ९ ते १३ वर्षांच्या ४७ मुलांवर त्यांचा कार्यक्रम तपासला गेला. उपचार मिळालेल्या मुलांत मोठा फरक पडला, वाट बघत थांबलेल्यांत फारसा नाही. ऑस्ट्रेलियात रॉन रॅपी आणि पॉला बॅरेट यांनी तो घरापर्यंत आणि वर्गापर्यंत नेला. २००८ मध्ये अमेरिकेत तीव्र चिंतेच्या ४८८ मुलांवर मोठी चाचणी झाली. अशा संवाद-उपचारांनी ६० टक्के मुलं स्पष्टपणे सुधारली, औषधाने ५५ टक्के, दोन्ही एकत्र दिल्यावर ८१ टक्के, आणि नुसत्या साखरेच्या गोळीने २४ टक्के. औषधाचं नाव काढलं की आपल्याकडे घरात शांतता पसरते, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले. त्रास तीव्र असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध नाकारण्यात शौर्य नाही.

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांचं २०२० सालचं काम तर मुलाला खोलीत बोलावतच नाही. १२४ मुलांच्या चाचणीत एका गटात फक्त आईवडिलांना शिकवलं गेलं, आणि त्या मुलांना झालेला फायदा थेट उपचार मिळालेल्या मुलांइतकाच निघाला. आईवडिलांना काय शिकवलं? मुलाच्या काळजीसाठी घर वाकवायचं थांबवायला. मूल एकटं झोपत नाही म्हणून बाबा सोफ्यावर. पाहुण्यांशी बोलत नाही म्हणून उत्तरं आई देते. 'सगळं ठीक होईल ना?' या प्रश्नाला रोज वीस वेळा 'हो'. प्रत्येक 'हो'ने मुलाला दोन मिनिटं बरं वाटतं आणि एकविसाव्यांदा विचारायची गरज पक्की होते. मी स्वतः आई म्हणून हे वर्षानुवर्षं केलं आहे, त्यामुळे ते थांबवणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे. धीर देणं आणि 'तुला अवघड वाटतंय हे मला दिसतंय, आणि तू हे निभावशील' असं म्हणणं यांत अंतर आहे. पहिल्यात आपण काळजीला उत्तर देतो, दुसऱ्यात मुलाला.

अलीकडे स्वीकार आणि सजगता यांवर आधारलेल्या पद्धती पुढे आल्या आहेत. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक इशारा हवा. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्गावर्गात दिलेले सजगतेचे धडे नेहमीच्या शिकवण्यापेक्षा सरस ठरले नाहीत. ज्याला त्रास नाही त्यालाही आणि ज्याला खूप आहे त्यालाही एकच तास देऊन भागत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तिथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत एक साधी पद्धत तपासली. अडचण नेमकी ठरवायची, मार्ग शोधायचे, एक करून बघायचा. मुलांसाठी चित्रकथांच्या पुस्तिका, आणि सोबत तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक, चार-पाच भेटी. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत, मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता कमी झालेली दिसली. एकूण लक्षणांवर मात्र पहिल्या काही आठवड्यांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. हा निकाल मला प्रामाणिक आणि उपयोगी वाटतो. जिथे बालमानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्यात एखादाच, किंवा एकही नाही, तिथे शिकवून तयार केलेला माणूस काय करू शकतो आणि किती, हे त्याने सांगितलं.

आत्ताच हे पुस्तक का, याची कारणं वाचकाच्या घरातच आहेत. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं. त्याच वर्षी देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. प्रत्येक आत्महत्येमागे चिंता हेच कारण असतं असं कुणी म्हणू नये. पण हा आकडा वाचून पान उलटणंही जमत नाही. टाळेबंदीच्या दोन वर्षांत मुलांनी घरातल्या मोठ्यांना हतबल झालेलं पाहिलं. सांगली-कोल्हापूरच्या मुलांनी २०१९ आणि २०२१ असा दोनदा महापूर पाहिला. आणि बाकी सगळ्यांच्या हातात जगातली प्रत्येक आपत्ती सकाळ-संध्याकाळ आणून देणारा मोबाइल आहे. हाताबाहेरचं जग इतकं मोठं, इतकं सतत, याआधी कुठल्याच पिढीच्या मुलांसमोर उभं नव्हतं.

आता या विचाराच्या धोक्याबद्दल. 'तुझ्या हातात काय आहे ते बघ' हे वाक्य ज्याच्या हातात बरंच काही आहे त्याच्या सोयीचं आहे. एकदा सातवीतल्या एका मुलाने आपल्या कागदावर हाताच्या आत लिहिलं होतं: 'बाबा पिऊन आले की बहिणीला घेऊन गच्चीत जाणे'. त्याने आमची पद्धत अगदी बरोबर वापरली होती, आणि तो कागद वाचून माझे हात गार पडले. तिथे त्या मुलाला अधिक धैर्य शिकवायचं नव्हतं. तिथे मोठ्यांनी हलायचं होतं. मारहाण, छळ, लैंगिक अत्याचार, उपासमार, जातीवरून टोमणे, गळणारं छप्पर या गोष्टी मुलाच्या हाताबाहेर आहेत, पण कुणाच्या तरी हातात आहेत. हाताबाहेर लिहिलेल्या प्रत्येक शब्दापुढे आपण विचारायला हवं: हे कुणाच्याच हातात नाही, की माझ्या हातात आहे? त्या चौथीतल्या मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे आहे. बाहेरच्यांपैकी काही पावसासारखं असतं, ते सोसायला शिकायचं. काही मोठ्यांचं काम असतं, ते मोठ्यांनी उचलायचं. ही विभागणी करायची जबाबदारी मुलावर टाकणं अन्याय आहे.

या पुस्तकाने हा भेद सोडलेला नाही, म्हणून मी प्रस्तावना लिहायला आनंदाने तयार झाले. ते पालकांसाठी आहे, शिक्षकांसाठी आहे, आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आजीआजोबांसाठीही, ज्यांना अशी पुस्तकं सहसा विसरतात. शास्त्रातलं जे वर सांगितलं ते यात परिभाषेच्या रूपात येत नाही. ते दप्तर भरताना, रिक्षाची वाट बघताना, अंथरुणात पडल्यावर होणाऱ्या बोलण्यांतून येतं. कुठलं वाक्य म्हणावं यापेक्षा कुठलं वाक्य गिळावं हे इथे जास्त सापडेल, आणि मला ते योग्य वाटतं. मूळ हस्तलिखितात सगळा भार आईवर पडत होता; वाचून मी तसं कळवलं, आणि आता वडीलही पुस्तकभर दिसतात. एका बाबतीत माझं मत वेगळं राहिलं. शिष्यवृत्ती आणि दहावीच्या परीक्षांना यात जेवढी जागा आहे त्याहून जास्त हवी होती, कारण मराठी घरांतल्या काळजीचा मोठा वाटा तिथे आहे. पुढच्या आवृत्तीत तो विस्तार व्हावा.

पुस्तक एका बैठकीत वाचू नका. घरातल्या मुलाची आज जी काळजी आहे तिथून उघडा, एक गोष्ट आठवडाभर करून बघा, मग पुढे जा. तेवढ्यात काही बदललं नाही तर मुलाला दोष देऊ नका, स्वतःलाही देऊ नका.

आणि पुस्तकाने भागणार नाही अशी वेळ आली, झोप-जेवण-शाळा सगळंच सुटत चाललं, किंवा मूल जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोललं, तर थांबू नका. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे: १४४१६. मूल संकटात असेल, मग ते तुमचं असो वा शेजारचं, तर १०९८. हे दोन्ही क्रमांक या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मुलाच्याच हाताने, पेनने लिहवून घ्या.